मदत हवी आहे : सास्काटूनच्या थंडीत गाडीला ब्लॉक हीटर लागतोच का?

नमस्कार. आम्ही एप्रिलमध्ये नाशिकहून कॅनडातील सास्काटून येथे राहायला आलो असून हा आमचा येथील पहिलाच हिवाळा असणार आहे. जानेवारीत काही रात्री पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो, असे शेजारी सांगतात; आम्ही ८ अंशांना शेकोटी पेटवणारी माणसे!

मी सात वर्षे जुनी पेट्रोल गाडी घेतली आहे. इमारतीच्या उघड्या वाहनतळावर प्रत्येक जागेसमोर विजेचे सॉकेट असलेला खांब आहे आणि बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून ब्लॉक हीटरच्या प्लगची आखूड वायर लोंबत असते. माझ्या गाडीला मात्र बॉनेट उघडून शोधूनही ती सापडली नाही. हा हीटर इंजिनातील कूलंट (इंजिनातून फिरणारे, एरवी ते थंड ठेवणारे द्रव) गरम ठेवतो, त्यामुळे इंजिन सहज फिरते आणि थंडीने आधीच कमजोर झालेल्या बॅटरीवरचा भार हलका होतो, एवढे मला समजले आहे.

गाडीत ०डब्ल्यू-२० सिंथेटिक, म्हणजे कडक थंडीतही पातळ राहणारे इंजिन तेल आहे. अशा तेलावर आणि चांगल्या बॅटरीवर हीटरशिवाय निभावते, की उणे ३० ला तो बसवून घेणेच शहाणपणाचे ठरेल? बसवल्यास रात्रभर वीज जाळावी, की टायमर लावून निघण्यापूर्वी तीन-चार तास पुरे होतात? कॅनडात किंवा तत्सम थंडीत जुनी गाडी चालवलेल्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगावा, कारण गॅरेजवाला हीटरसोबत बॅटरीचे गरम वेष्टणही गळ्यात मारू पाहत आहे.