डोंगराळ भागातील मध्यम फेरी: चढायचे गाडीवाटेने की पायवाटेने?

धागाकर्ता:

चौघांसाठी माउंटन बाइकची एक दिवसाची फेरी आखतो आहे. एकूण अंतर २६ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ६४० मीटर आहे. त्यातला निम्म्याहून अधिक चढ, म्हणजे ३३० मीटर, एकाच डोंगरधारेवर आहे. धारेच्या एका अंगाने ६ किलोमीटरची रुंद कच्ची गाडीवाट वर जाते, तर दुसऱ्या अंगाने २.४ किलोमीटरची पायवाट थेट खाली उतरते. फेरी वर्तुळाकार असल्यामुळे कोणत्याही दिशेने गेलो तरी एकूण चढ तेवढाच राहतो, पण फेरी ‘मध्यम’ ठरणार की अवघड, हे मात्र दिशेवरच अवलंबून आहे.

माझे मत स्पष्ट आहे. गाडीवाटेने चढावे आणि पायवाटेने उतरावे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर ३३० मीटर वर नेण्यासाठी सुमारे २७५ किलोज्यूल ऊर्जा लागते. कच्च्या वाटेवरील चाकांचा रोध मिळवला तर हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास जातो. दीडशे वॅटच्या बेताच्या जोरावर हे काम पाऊण तासात होते. पायवाटेचा सरासरी चढ मात्र जवळजवळ १४ टक्के आहे. पुढे ३२ दात्यांचे आणि मागे ५१ दात्यांचे चक्र असले, तरी तोल राहील इतपत, म्हणजे ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने जायला सलग दोनशे वॅट लागतात आणि सुट्या खड्यांवर मागचे चाक नुसतेच फिरते ते वेगळे.

प्रतिसाद १:

आपले गणित बरोबर आहे, पण प्रश्न चुकीचा निवडला आहे. चढताना ताकद संपली तर माणूस पाय टेकून उभा राहतो. उतारावर अंदाज चुकला तर हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून कोणत्याही फेरीची दिशा गटातील सर्वांत नवख्या स्वाराच्या उतरण्यावरून ठरवावी, सर्वांत दमदार स्वाराच्या चढण्यावरून नव्हे.

पायवाटेने सायकल ढकलत वर नेण्यात कमीपणा कसला? नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा मेट्रिक मापात साधारणपणे ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास असा येतो. त्यानुसार ही पायवाट चढायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागेल. सायकल सोबत असल्याने दीड तास धरा. पाऊण तासाची ही जादा किंमत मोजल्यावर प्रत्येक पायरी, प्रत्येक मूळ जवळून पाहून होते आणि उतरायला रुंद, पुढचे दिसणारी वाट मिळते. ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ मी तरी असाच घेतो.

प्रतिसाद २:

मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. ती पायवाट फेरीत असावीच का, हे आधी ठरवा. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनची वाटा बांधण्याविषयीची मार्गदर्शक सूत्रे आहेत. वाटेचा सरासरी उतार १० टक्क्यांच्या आसपास असावा, आणि ज्या उतारावरून ती आडवी जाते त्या उताराच्या तीव्रतेच्या निम्म्याहून वाट अधिक तीव्र नसावी. दुसरे सूत्र मोडले, की पाणी वाटेवरून आडवे ओलांडून जाण्याऐवजी वाटेलाच ओढा समजून वाहू लागते. अशा थेट उतरणाऱ्या वाटेवर ब्रेक दाबून मागचे चाक फरफटत नेले, की मातीत बोटभर खोल चर पडतो, आणि पुढल्या पावसात तोच चर घळीचे रूप घेतो. त्याच वाटेने चालत येणाऱ्यांचा विचार तर आपण दोघांनीही केलेला नाही. धारेच्या सोंडेवरून वळसे घेत उतरणारी दुसरी वाट असेल तर ती शोधावी, भले ती ३ किलोमीटरने लांब असो.

प्रतिसाद ३:

दिशेचा वाद चालू द्या, पण ६४० हा आकडा कुठून आला? अनेक नकाशांतील उंचीची माहिती २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर आधारलेली असते. तिच्या दोन बिंदूंमध्ये सुमारे ३० मीटर अंतर असते आणि दाट झाडीत ती जमिनीऐवजी झाडांच्या फांद्या-पानांमधली कुठली तरी उंची मोजते. मोठ्या धारेचा आकडा त्यामुळे फारसा बिघडत नाही, परंतु उरलेल्या १७.६ किलोमीटरच्या चढउतारांत खरा चढ बराच वेगळा निघू शकतो. २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा मोजूनही, दोन रेषांच्या मध्ये दडलेले ओढ्याचे उतार आणि लगेचचे चढ सापडत नाहीत. दमछाक नेमकी तिथेच होते.

धागाकर्ता:

चढाच्या आकड्याबाबतची सूचना मान्य आहे. त्या टप्प्यासाठी मी आता तासभर जादा धरला आहे. पायवाटेच्या बाबतीत प्रतिसाद २ मधील आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कोरड्या दिवसाखेरीज तिकडे जायचे नाही आणि वळसे घेणाऱ्या वाटेची आधी पाहणी करायची, एवढे मी ठरवले आहे.

प्रतिसाद १ शी मात्र मी अर्धाच सहमत आहे. लांब उतार रुंद असला म्हणजे सोपा असतो असे नाही. अशाच एका गाडीवाटेने उतरताना माझ्या सोबत्याने सलग वीस मिनिटे ब्रेक धरून ठेवला होता. खाली पोहोचेपर्यंत डिस्क निळसर काळी पडली होती, पॅडचा करपट वास येत होता आणि त्याची बोटे लिव्हरवरून सरळ होईनात. मोकळ्या वाटेवर वेग आपोआप वाढतो आणि वळणावरच्या बारीक खडीची जाणीव चाक सरकल्यावरच होते.

त्यामुळे दिशा तीच ठेवतो आणि आरंभबिंदू बदलतो. आता फेरी गाडीवाटेच्या पायथ्यापासून सुरू होईल. मोठा चढ ताज्या पायांनी होईल, आणि माथ्यावर पोहोचल्यावर ज्याला पायवाट नको वाटेल तो ६ किलोमीटर मागे उतरून थेट आरंभबिंदूशी येईल. त्याच्यासाठी फेरी १२ किलोमीटरची झाली तरी दिवस वाया जात नाही.

प्रतिसाद १:

हा बदल चांगला आहे. पण परतणाऱ्याला एकट्याने सोडणार का? आपण चौघे आहात, तेव्हा माथ्यावर दोघे-दोघे असेच वेगळे व्हायचे, हे निघण्यापूर्वीच बोलून ठेवा. वर पोहोचल्यावर विचारले, तर नवखा स्वार इतरांच्या तोंडाकडे पाहून ‘येतो की’ म्हणतो.