मैदानावरच्या स्प्रिंकलरला टोकाला प्रेशर येत नाही, मदत हवी आहे

आमच्या सार्वजनिक मैदानावर पॉप-अप रोटर स्प्रिंकलर (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येऊन फिरत पाणी फेकणारे) आहेत, एका व्हॉल्व्हवर 8 हेड, म्हणजे 8 स्प्रिंकलर. पंपाजवळचे मस्त 12 मीटर फेकतात पण शेवटचे दोन जेमतेम 7, तिथलं गवत पार करपलंय. फिल्टर साफ केला, नोझल काढून धुतले, लीक शोधलं, कुठेच नाही. सगळं चालू असताना पंपाशी 3.5 बार आणि शेवटच्या हेडला 1.8. निम्मे हेड बंद केले की मात्र बाकीचे झकास चालतात! म्हणजे 40 मिमीची लाइनच बारीक पडतेय असं मला वाटतं. मैदानात रोज खेळ असतो त्यामुळे सगळं खोदणं शक्य नाही, कडेने एखादा चर चालेल. तर वेगळी लाइन टाकून 4-4 हेडचे दोन झोन (आळीपाळीने चालणारे गट) करू, की लहान नोझलने भागेल, आणि लहान नोझल लावले तर फेक कमी होऊन मधे कोरडे पट्टे राहतील का?