'जन' म्हणजे जन्मलेला की जन्म देणारा? हायड्रोजन, कोलॅजन, एस्ट्रोजन आणि आठवीचा एक तास

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

आठवीला विज्ञान शिकवतो. वर्ग सेमीचा, म्हणजे विज्ञान-गणित इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून आणि मधल्या सुट्टीत सगळं अहिराणीतून. हायड्रोजन, नायट्रोजन, हॅलोजन, पॅथोजन हे शब्द पोरं पाढ्यासारखे घोकतात आणि परीक्षेत एकाच्या जागी दुसरा लिहून येतात. म्हणून गेल्या आठवड्यात धडा बाजूला ठेवला आणि एक अख्खा तास या शब्दांच्या शेपटावर घालवला.

फळ्यावर फक्त 'जन' लिहिलं. हे शेपूट ग्रीकातून आलं, आणि ते अन् आपला 'जन्' धातू एकाच मुळाचे. जन्म, जनक, जननी ही सगळी त्याच घरची माणसं. एवढं सांगितल्यावर पुढचं पोरांनीच ओढून नेलं. हायड्रोजन म्हणजे पाणी करणारा, कारण तो जाळला की पाणी तयार होतं. हॅलोजन म्हणजे मीठ करणारा. सोडियमशी क्लोरीन या हॅलोजनची गाठ पडली की आपलं खायचं मीठ. कोलॅजन हे कातड्या-हाडातलं प्रथिन, त्यातला 'कोल्ला' म्हणजे सरस. एका पोराच्या घरी सुतारकाम आहे. हाडं-कातडं उकळून सरस करतात हे त्याने आजोबांकडून ऐकलेलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सर, आपल्या कातड्यात सरस भरलाय?" मी म्हटलं, कच्चा माल तरी नक्की भरलाय.

एस्ट्रोजनला खरी मजा आली. ग्रीकात 'ऑइस्ट्रॉस' म्हणजे गुरांना चावणारी गोमाशी. ती चावली की जनावर उधळतं, त्यावरून पुढे माज, म्हणून एस्ट्रोजन म्हणजे माज आणणारं, मादीच्या अंगातलं संप्रेरक. निम्म्या वर्गाच्या घरी गोठा आहे, त्यामुळे मला जास्त काही समजवावं लागलं नाही.

माझं म्हणणं असं की दरवर्षी प्रत्येक वर्गाला असे दोन-तीन तास मिळावेत. वीस शब्द पाठ करण्यापेक्षा एक शेपूट ओळखलेलं बरं. शिक्षकखोलीत मात्र ऐकावं लागलं, "पोर्शन कोण संपवणार?" तुम्हाला काय वाटतं?

पांझराकाठ (धुळे)

मास्तर, 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडं कडक बोलतो. तुमच्या यादीत ऑक्सिजन का नाही? विसरलात की सोयीने गाळलात?

ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल करणारा'. 1777च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने हे नाव काढलं, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असणारच अशी त्याची खात्री होती. ती चुकीची निघाली. 1810 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे असं मांडलं आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा कणही नाही हे उघड झालं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. शेपटावरून अर्थ लावायला शिकलेलं पोर आता त्या आम्लात ऑक्सिजन शोधत बसेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ग्रीकात या प्रत्ययाचा मूळ अर्थ 'करणारा' नाहीच, 'पासून जन्मलेला' असा आहे. डायोजेनीस हे नाव घ्या, ग्रीक देव झ्यूसपासून जन्मलेला. आपल्याकडे हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेला, चिखल करणारा नव्हे. 'ज' वेगळा, 'जनक' वेगळा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 'ज'च्या जागी 'जनक'चा अर्थ बसवला आणि जगाने तो मुकाट घेतला. ग्रीकाच्या हिशोबाने हायड्रोजन म्हणजे जलज, म्हणजे कमळ!

त्यापेक्षा आमच्या वेळी पुस्तकात 'प्राणवायू' असायचा. ऐकला की कळला. ग्रीकाची वारी कशाला?

केळीवाला (अडावद)

राम राम मंडळी. मास्तर, आमचा पुतण्या बहुतेक तुमच्याच वर्गात आहे, त्यावर मागून बोलतो.

मला हायड्रोजन कळत नाही, नत्र कळतं. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. ते कमी पडलं की केळीची खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द अडाणी माणूसही वापरतो भो. पोरगं शाळेत नायट्रोजन म्हणतं आणि बांधावर नत्र, आणि दोन्ही एकच हे त्याला नववीपर्यंत कोणी सांगत नाही. तुमचं शेपूट राहू द्या, आधी एवढं सांगा.

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

केळीवाला, हे मनाला लागलं. उद्याच सांगतो.

आणि त्यातच गंमत बघा. लाव्हाझिएच्या मंडळींनी नायट्रोजनला 'अ‍ॅझोट' म्हटलं होतं, म्हणजे निर्जीव, कारण त्यात उंदीर जगत नाही. फ्रेंच लोक आजही त्याला तेच म्हणतात. ज्याच्याशिवाय तुमच्या केळीचं पान हिरवं राहत नाही आणि ज्याच्याशिवाय प्रथिनच होत नाही, तो निर्जीव! 1790 मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला सोऱ्यावरून नायट्रोजन हे नाव दिलं आणि ते इंग्रजीने उचललं.

पांझराकाठ सर, ऑक्सिजन मी सोयीनेच गाळला होता, कबूल. पण तुमचा प्राणवायू तरी कुठे धुतल्या तांदळासारखा? धनुर्वाताचा जंतू ऑक्सिजन असलेल्या जागी वाढत नाही, त्याच्या दृष्टीने तो प्राण घेणारा वायू. नाव हे त्या वेळच्या माणसाला काय वाटलं त्याची नोंद असते. मी पोरांना तेच तर शिकवू पाहतोय. लाव्हाझिएसारखा माणूस चुकला आणि ती चूक आपण रोज तोंडाने म्हणतो, ही गोष्ट आठवीच्या पोराला कळली तर बिघडलं कुठे?

पांझराकाठ (धुळे)

बिघडतं ते वेळेच्या हिशोबात. चूक शिकवायची, मग ती चूक का ते शिकवायचं, मग खरं शिकवायचं. तीन तास गेले. तेवढ्यात मी दोन प्रयोग करून दाखवले असते. जस्तावर आम्ल टाका, नळीच्या तोंडाशी काडी धरा, 'फट्' आवाज येतो. तो हायड्रोजन पोर जन्मात विसरत नाही, त्याला ग्रीक लागत नाही.

रात्रपाळी (जळगाव)

मी नर्स आहे. दोन्ही सरांचं वाचलं. तुमच्या भांडणात तिसरा अर्थ राहून गेला.

जठरात पेप्सिनोजन असतो. तो पेप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारा रस, 'करत' नाही आणि पेप्सिनपासून 'जन्मत'ही नाही. आम्ल मिळालं की तो स्वतःच पेप्सिन होतो. रक्तातला फायब्रिनोजनही तसाच, जखम झाली की त्याचाच फायब्रिन होतो आणि रक्त गोठतं. दुधाचं दही व्हावं तसं. म्हणजे दूध हे 'दहीजन'! आमच्या ट्रेनिंगला हे शब्द इंग्रजीतून डोक्यावर आदळले. मी यावल तालुक्यातल्या मराठी शाळेतली, पहिलं वर्ष रडत काढलं. शेपूट, डोकं, पाय वेगळे करायला एका सीनियर ताईंनी शिकवलं तेव्हा कुठे पुस्तक उघडायची भीती गेली. त्यामुळे माझं मत मास्तरांना.

पण चटका बसलेलाही सांगते. करोनात लोक विचारायचे, "सिस्टर, अँटिजन म्हणजे जनाच्या विरुद्ध का?" मला सांगता येईना. तो शब्द म्हणजे अँटिबॉडी तयार करायला लावणारा. मधला 'बॉडी' गळला आणि 'अँटि' उघडा पडला. शेपूट ओळखलं तरी डोकं फसवतं.

बीएस्सीचं_भूत (अमळनेर)

मास्तर, एक विचारू? तुमच्या तासाला कोणी 'भोजन' म्हणालं नाही का? भोजन, पूजन, सज्जन, वजन, सगळ्यांच्या शेवटी 'जन'च.

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

म्हणालं ना! "सर, वजन म्हणजे काय तयार करणारं?" सगळा वर्ग हसला, मी दोन मिनिटं गप्प. मग सांगितलं की वजन अरबीतून आलेलं, भोजन 'भुज्'पासून आणि पूजन 'पूज्'पासून, त्यांचा 'जन्'शी संबंध नाही. सज्जनातला जन म्हणजे माणूस, तो मात्र लांबचा भाऊबंद. खरं सांगायचं तर त्या तासातलं सगळ्यात चांगलं शिकवणं त्या आगाऊ प्रश्नामुळे झालं. दिसायला सारखं म्हणून मूळ सारखं असं नसतं, हे मी ठरवून शिकवलं नसतं.

बीएस्सीचं_भूत (अमळनेर)

आणि फॉस्जीन? 'फॉस' म्हणजे प्रकाश. तुमच्या नियमाने तो प्रकाश करणारा वायू झाला. पोराने पेपरात तसं लिहिलं तर भोपळा.

पांझराकाठ (धुळे)

शाब्बास. फॉस्जीन हा विषारी वायू, प्रकाशाचा त्यात लवलेश नाही. जॉन डेव्हीने, म्हणजे त्याच हम्फ्रीच्या धाकट्या भावाने, 1812 मध्ये तो केला. कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन एकत्र करून उन्हात ठेवले, उन्हामुळे ते संयोग पावले, म्हणून प्रकाशापासून जन्मलेला. म्हणजे प्रकाशज. हा एक शब्द ग्रीकाला धरून आहे. थोरल्याने फ्रेंचांचा सिद्धांत खोडला, धाकट्याने शब्द सरळ वापरला. घराणंच तसलं.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की 31 वर्षांत ही गोष्ट मी एकाही वर्गाला सांगितली नाही. असो. मत बदललेलं नाही. प्रयोग आधी.

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

प्रयोग आधी, मान्य. 'फट्' झाल्यावर नळीच्या आत जे दव धरतं ते बोट लावून दाखवायचं आणि मग फळ्यावर 'पाणी करणारा' लिहायचं. आणि पुढच्या वर्षी तीन रकाने आखतो: ज, जनक आणि दहीजन. सिस्टर, तिसऱ्याचं श्रेय तुम्हाला.

रात्रपाळी (जळगाव)

अँटिजन जनकमध्ये टाका, पण वर बारीक अक्षरात 'बॉडी' लिहा हो.

पांझराकाठ (धुळे)

ऑक्सिजनला चौथा रकाना करा. एकट्याला.

केळीवाला (अडावद)

आता पुतण्याचं. परवा आमची म्हैस सकाळपासून ओरडत होती, चारा खाईना. पोरगं म्हणतं, "काका, हिला ऑइस्ट्रॉस चावली." मला वाटलं खरंच काही चावलं. अर्धा तास अंगावर, कासेखाली, कानात गोचीड-माशी शोधत बसलो. शेवटी मनी माय बाहेर आली, एकदा म्हशीकडे बघितलं आणि म्हणाली, माजावर आहे, डॉक्टरला फोन लाव. मास्तर, तुमचं ग्रीक बठ्ठं बरोबर होतं. पण पुढच्या वेळी पोराला मराठीत सांगायला सांगा.