घरीच शिकणारी दोन मुलं, त्यात मुलीला गाडी शिकवायची आहे. आठवडा कसा लावू, जुनी गाडी कोणती घेऊ?

खारपाणपट्टा_आई
नमस्कार. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. मुलीला अठरा पूर्ण झाली, १७ नंबर फॉर्म भरून बारावी कला बाहेरून देते आहे. मुलगा सोळाचा, त्याचीही दहावी बाहेरूनच. एसटीच्या वेळा शाळा-कॉलेजशी जुळत नाहीत, म्हणून दोघांचा अभ्यास मी घरी घेते. मुलीचं लर्निंग लायसन्स निघालंय. माझं चारचाकीचं पक्कं लायसन्स आहे, त्यामुळे शेजारी मीच बसणार. कापूस वेचणी लागायच्या आधी एक आठवडा मला मोकळा मिळतो आहे.
विचारायचं आहे ते असं: या आठवड्यात अभ्यास आणि गाडी दोन्ही कसं बसवू? ड्रायव्हिंग स्कूल लावू की घरीच शिकवू? आणि शिकायला जुनी गाडी कोणती घेऊ? बजेट ८० हजार, त्याच्या वर खरंच जमणार नाही.

संत्रा_मोर्शी
ताई, ८० हजारात डबडंच भेटते. थोडं थांबा अन् बोलेरो घ्या. माह्याजवळ हाये, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानं बी अडत नाई. माही पोट्टी त्याच्यावरच शिकली, आता अमरावतीले एकटी जाते. मोठी गाडी हाती बसली का लहान कोणतीबी चालवता येते.

जिनिंग_रोड
बोलेरो दणकट आहे, पण शिकणाऱ्याला लहान गाडीच बरी. अल्टो बघा. चांगली दीड-पावणेदोन लाखात मिळून जाते.
ड्रायव्हिंग स्कूलचं सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका स्कूलमध्ये मुलाला घातलं होतं. तिथला शिकवणारा त्याच्या बाजूचे क्लच-ब्रेक स्वतःच दाबत राहायचा. फी संपली, तरी मुलाला चढावर गाडी उभी करून परत उचलता येईना. शेवटी घरीच शिकवलं.

खारपाणपट्टा_आई
दादा, बजेट ८० हजार आहे हो.

निवृत्त_गुरुजी_वाशीम
अभ्यासाचं मी सांगतो. सकाळची वेळ अभ्यासाचीच ठेवा. सकाळचं डोकं ताजं असतं, गाडी संध्याकाळी शिकवा. बाहेरून बसणाऱ्यांचं एक हमखास राहून जातं: ज्या शाळेचं किंवा कॉलेजचं संपर्क केंद्र मिळालंय, तिथे तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाच्या तारखा विचारून ठेवाव्या लागतात. लेखी पेपरला मुलं जीव तोडून बसतात आणि तोंडीला हजरच राहत नाहीत. दर्यापूर अमरावती विभागीय मंडळात येतं, पण तुमचं रोजचं काम त्या केंद्राशीच पडणार.
आणि गाडीलाच धडा करा. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ब्रेक मारायचं सुचायला एक सेकंद गेला तर तेवढ्यात एखाद्या घराची लांबी पार होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. मुलाला धुऱ्याशेजारी, म्हणजे शेताच्या बांधाशेजारी, टेप धरून ही अंतरं मोजायला लावा, पुन्हा विसरणार नाही.

पांदणवाला
पोट्ट्याले काहून नुसतं बसवता? त्याले ट्रॅक्टर द्या. आमच्या इकडं सगळे पोट्टे पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ट्रॅक्टर चालवतात. माह्या पुतण्या पेरणी करते त्याच्यावर. ट्रॅक्टर आला का कार तं हातचा मळ हाये.

वकील_यवतमाळ
पांदणवाला भाऊ, असा सल्ला देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचं, तेही पालकांच्या संमतीनं.

पांदणवाला
पांदण रस्त्यावर कोन्ता पोलीस येते? थे काय हायवे हाये का?

वकील_यवतमाळ
पोलीस येतो की नाही हा प्रश्नच नाही. लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही वाट कायद्यात सार्वजनिक जागा धरली जाते, पांदणही. तुमच्या धुऱ्याच्या आतलं शेत वेगळं. पांदणीवर कोणाच्या बैलाला धक्का लागला, माणूस पडला, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. अशात शेत विकावं लागलेलं मी पाहिलंय.

पांदणवाला
आमच्या गावात आजवर असं काईच झालं नाई.

एसटीची_वाट
मुळात एसटी वेळेवर आली असती तर हा प्रश्नच आला नसता. आमच्या गावची सकाळची फेरी बंद झाली आणि मुलींची कॉलेजं सुटली. पासचा काय उपयोग, बसच नाही तर? ताई, तुम्ही घरी शिकवताय ही मोठी गोष्ट आहे. मीही गुरुजींचंच म्हणते, सकाळी अभ्यास, संध्याकाळी गाडी.

चंद्रपूर_३४
८० हजारात मारुती ८०० बघा. तिचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, म्हणजे शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांची नोंदणीची १५ वर्षं अजून संपायची आहेत. नोंदणीची तारीख आरसीवर आधी बघा. पंधरा झाली असतील तर तपासणी, पुनर्नोंदणीचं शुल्क आणि वरून पर्यावरण कर, स्वस्तातली गाडी महाग पडते. मिस्त्री सोबत न्या, पायाखालची मॅट उचलून पत्रा बघा. खारपाणपट्ट्यात गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतात, पत्रा खालून सडलेला असतो. विमा निदान थर्ड पार्टी चालू पाहिजेच.
मुलाचा हात वळवायचा असेल तर ताशी २५ च्या आतली, २५० वॅटपर्यंतची बॅटरीची स्कूटर आहे. तिला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. हेल्मेट मात्र घालायला लावा.

संत्रा_मोर्शी
८०० मंधी चौघं बसले का चढ चढत नाई. बोलेरोच घ्या.

समृद्धी_प्रवासी
मुलीला समृद्धीवर न्या. सरळ रस्ता, समोरून कोणी येत नाही, बैलगाडी नाही, दुचाकीलाही बंदी. स्टिअरिंग पटकन स्थिर होतं. मी तिथे नेहमी जातो, माझी गाडी १२० ला हलत नाही.

जिनिंग_रोड
शिकाऊ मुलीला १२० च्या रस्त्यावर? मागून येणारा किती वेगात येतोय हे आरशात तिला कळायला हवं ना आधी. नका नेऊ ताई. अल्टोचं बघा.

बाभूळगाव_बाई
मी चाळिशीत गाडी शिकले, नवऱ्याकडून नाही, भावाकडून. दोन गोष्टी सांगते. पहिले काही दिवस ॲक्सिलेटरला पायच लावू देऊ नका. सपाट मोकळ्या जागेत नुसता क्लच हळूहळू सोडून गाडी चालायला लागते तो क्षण पायाला कळू द्या. मग रिव्हर्स. टेस्टला मुली रिव्हर्सलाच अडतात. दुसरं, शेजारी बसून ओरडायचं नाही. हँडब्रेकवर हात ठेवा आणि बोला कमी. मागेपुढे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा, गावातले लोक आपसूक बाजूला होतात.
टेस्ट लर्निंग निघाल्यावर तीस दिवसांनीच देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं. आठवड्यात सगळं उरकायची घाई करू नका.

रोज_अमरावती
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे. सकाळी अभ्यास, संध्याकाळी गाडी. ८०० घ्या नाहीतर अल्टो.

खारपाणपट्टा_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते सांगते.
गाडी ओमनी घेतली, २०१३ ची. दिराच्या ओळखीतली, मिस्त्रीनं खालचा पत्रा बघितला, चांगला आहे. तुमच्यापैकी कोणीच ओमनी सुचवली नव्हती. पुढे बॉनेट नाही, धडक बसली तर चालवणाऱ्याच्या अंगावर येते, हे मला माहीत आहे. म्हणून टेस्ट होईपर्यंत ती गावाबाहेरच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या पुढे जायची नाही. पण समोरचा रस्ता अगदी जवळून दिसतो, मुलीची उंची कमी आहे, तिला अंदाज येतोय. आणि वेचणीत भाजीपाला, डबे, बायामाणसं न्यायला घरात तीच उपयोगी पडेल.
वेळ मी उलटी लावली. गाडी सकाळी उजाडल्यावर, अभ्यास नंतर. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना उभ्या असतात, गुरं परत येतात, अंधार पडला की रोही (नीलगायी) आडवे येतात. सकाळी रस्ता रिकामा असतो. गुरुजी, तासभर गाडी चालवून आलेली मुलगी इतिहास जास्त मन लावून वाचते, हे मी या आठवड्यात बघतेय. तुमचं टेपचं मात्र केलं. मुलानं धुऱ्याशेजारी खुंट्या ठोकल्या, ताईनं ब्रेक लावला की तो अंतर मोजतो आणि वहीत लिहितो. ओल्या मातीवर किती वाढतं तेही त्यानं स्वतःहून मोजलं.
मुलाला ट्रॅक्टर देणार नाही, स्कूटरही आत्ता नाही. त्याची दहावी होऊ दे. तो मागच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या खुणा ओळखून सांगतो, तेवढं पुरे आहे.
ड्रायव्हिंग स्कूल लावलं नाही. बाभूळगावच्या ताई, क्लचचं सांगितलंत ते सोन्यासारखं निघालं. संपर्क केंद्राला फोन केला, तोंडीच्या तारखा अजून लागल्या नाहीत, पुन्हा विचारणार आहे.

संत्रा_मोर्शी
बोलेरो घेतली असती तं बरं झालं असतं. जाऊ द्या, पोट्टी शिकून राह्यली ना, लय चांगलं.

चंद्रपूर_३४
ओमनीत गॅस किट आहे का बघा. असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, नोंद नसेल तर टेस्टच्या आधीच आरटीओत करून घ्या. आणि टाकीची तपासणी कधी झाली ती तारीख टाकीवरच्या पट्टीवर ठोकलेली असते, ती वाचून घ्या.