मदत हवी आहे: एसयूव्हीच्या डॅशबोर्डला एअरबॅगच्या झाकणापाशी तडा (ऐरोली, नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

आमची २०१२ ची सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, एमएच ४३ पासिंग. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत आणि इंजिन ठणठणीत आहे. पंधरा वर्षं भरली की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करून आणखी पाच वर्षं वापरायची असं घरात ठरलंय, त्यामुळे ‘विकून टाका’ हा सल्ला कृपया नको.

अडचण डॅशबोर्डची आहे. पुढच्या काचेच्या बुडाशी, धुकं घालवण्यासाठी गरम हवा जिथून येते त्या जाळीच्या कोपऱ्यातून तडा निघालाय आणि तिरका डावीकडे उतरलाय. काल टेपने मोजला, २३ सेंटीमीटर. मधोमध इतका उघडलाय की एक रुपयाचं नाणं उभं अडकतं. दोन्ही कडा वर वळल्यात, बोट फिरवलं तर टोचतात. स्पीडब्रेकरवर कडा एकमेकींवर घासून कर्र आवाज येतो. दिसण्याचं मी एक वेळ सोडून देईन, पण तड्याचं टोक आता डाव्या एअरबॅगच्या झाकणापासून जेमतेम दोन बोटं लांब आहे. त्या सीटवर माझे बाबा बसतात.

ही गाडी बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली आणि नऊ वर्षं स्वतः चालवली. गुडघ्यांमुळे आता मी चालवते आणि ते शेजारी बसतात. म्हणून मला ते झाकण जसं आहे तसंच, मोकळं उघडणारं हवंय.

कारण माझ्या मते उघड आहे. आमच्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग नाही. गाडीचं तोंड पश्चिमेला, दुपारी एकपासून सूर्य थेट काचेवर. पुढच्या काचेवर काळी फिल्म लावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेश आहेच. त्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा. भर उन्हात डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास जातो असं वाचलंय. संध्याकाळी मी गाडीत बसते ती एसी फुल करूनच, आणि तापलेल्या प्लॅस्टिकवर गार झोत सोडते. इतकी वर्षं हेच चाललंय.

मागच्या वर्षी तडा बोटभर होता. तेव्हा एका ॲक्सेसरीजच्या दुकानात दाखवला. त्यांनी वर पांढरी पावडर भुरभुरून इन्स्टंट ग्लू ओतला. पाच मिनिटांत दगडासारखं कडक झालं, मी खूश. एप्रिलमध्ये त्या सांध्याच्या अगदी शेजारून नवा तडा गेला आणि आजूबाजूला पांढरट डाग पडले, ते अजून निघत नाहीत.

आता तीन ठिकाणी विचारलंय. घोडबंदर रोडवरचे सीट कव्हरवाले म्हणतात, तड्यात भरणी करून अख्खा डॅशबोर्ड रेक्झिनने मढवू, ९ हजार. एअरबॅगचं काय, विचारलं तर म्हणाले, ‘झाकणावरूनपण ओढून बसवतो ताई, कळणारसुद्धा नाही.’ हे ऐकून मी तिथून निघाले. तुर्भ्याचे डेंटर-पेंटर लांबी (पुट्टी) मारून स्प्रे करून देतो म्हणाले, साडेतीन हजारांत. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यांचं मत कुर्ल्याहून जुना डॅशबोर्ड आणून बदलण्याचं आहे. माल १४ हजार, मजुरी ८ हजार, दोन दिवस. पण त्यासाठी स्टिअरिंग उतरवावं लागणार, एसीचं युनिट सैल करावं लागणार, वायरिंग सोडवावं लागणार. आणि येणारा डॅशबोर्डही दहा-बारा वर्षं ऊन खाल्लेलाच असणार ना?

डॅशबोर्ड न उतरवता हा तडा टिकाऊपणे सांधता येतो का? कोणी ठाणे, नवी मुंबईत करून घेतलंय का? कशाने भरलं आणि किती उन्हाळे टिकलं, तेवढं नक्की सांगा. गणपतीला संगमेश्वरला जायचंय, त्याआधी काम उरकायचंय.

आणखी एक. एअरबॅगच्या झाकणावरच बाबांनी गाडी घेतली त्या दिवशी गणपतीची छोटी पितळी मूर्ती चिकटवली आहे. ती तिथे ठेवावी की नाही, हे मला त्यांना नीट समजावून सांगायचंय.

प्रतिसाद

ताई, मी कळंबोलीला ट्रकच्या केबिनची कामं करतो. डॅशबोर्ड फाटणं आमच्याकडे रोजचं आहे.

आधी प्लॅस्टिक कुठलं ते बघा. ग्लोव्ह बॉक्स काढा, आत टॉर्च मारा, डॅशबोर्डच्या पाठीला > < अशा कोनाच्या खुणांमध्ये ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) किंवा ‘एबीएस’ अशी प्लॅस्टिकच्या जातीची अक्षरं उठवलेली असतात. एबीएस असेल तर दोन ट्यूबवाला चांगला इपॉक्सी धरतो. पीपी असेल तर साधा गोंद, इपॉक्सी, लांबी काहीच धरत नाही, सोलून निघतं. त्याला त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं वेल्डिंग लागतं. बंपर वेल्डिंगवाले हे काम करतात, जुन्या बंपरच्या पट्ट्या कापून वापरतात. बंपर बहुतेक पीपीचेच असतात.

तड्याच्या टोकाला २-३ मिलीमीटरचं बारीक भोक पाडून घ्या, म्हणजे तडा तिथेच थांबतो. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळा, प्लॅस्टिकच्या जाडीपुरतंच आत जाऊ द्या. मागे वायर आणि एसीचे डक्ट असतात. मग तडा व्हीसारखा खरवडायचा आणि जमलं तर पाठीमागून तारेची बारीक जाळी बसवून सांधायचा. वॉशिंगवाले चमकायला जे लिक्विड मारतात त्यात सिलिकॉन असतं, ते आधी पूर्ण पुसलं नाही तर रंग फाटतो. तो जुना कडक ग्लूही सगळा खरवडून काढा. प्लॅस्टिक तापून पसरतं, तो पसरत नाही, म्हणून शेजारून फुटलं.

एअरबॅगबद्दल तुम्ही बरोबर केलंत. झाकणाला आतून एक पातळ रेघ असते, तिथूनच ते फाटायला हवं. त्यावर रेक्झिन, भरणी, जाड रंग, गालिचा काही नको. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, किमान १० मिनिटं थांबा, मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेवढी. पिवळ्या कनेक्टरना हात लावू देऊ नका. तडा झाकणातच शिरला तर मात्र दुरुस्ती नाही, पार्ट बदलायचा.

मूर्ती तिथून हलवाच. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि झाकणावरची पितळी वस्तू समोर बसलेल्याच्या तोंडावर येते.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आज ग्लोव्ह बॉक्स काढला, पाठीला ‘पीपी-टीडी २०’ लिहिलंय, पीपीच निघालं. म्हणजे साडेतीन हजारांची लांबी वायाच गेली असती. रविवारी रबाळ्याच्या बंपर वेल्डिंगवाल्यांकडे जाते. बॅटरी मी स्वतः काढणार आणि काम संपेपर्यंत तिथेच उभी राहणार. गाडी आजपासून उलटी, पूर्वेकडे तोंड करून लावली आहे आणि चंदेरी सनशेड आणला.

तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर खाली उतरले, शिवायचा दोरा मूर्तीखालून करवतीसारखा फिरवत हळूहळू सोडवली आणि घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली. मूर्तीखाली रुपयाएवढा गोल उरलाय, गडद राखाडी, नव्या गाडीचा रंग. बाकीचा डॅशबोर्ड किती फिकट पडलाय ते आज पहिल्यांदा कळलं. रंग जुळवायला तोच नमुना दाखवते.