कॅमेरे काढा म्हणणाऱ्यांनी एकदा वडोदऱ्याचा ओल्ड पादरा रोड पायी ओलांडून दाखवावा

अकोट्याची
काल इथे एकाने लिहिलं, "कॅनडातल्या ऑन्टारियोने वेगाचे कॅमेरे कायद्याने बंद केले, गुजरातनेही करावेत, ही नुसती लूट आहे." खाली सगळ्यांनी री ओढली. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

नोव्हेंबर 2025 पासून तिथे बंदी आहे, खरं. पण त्याच वर्षी टोरोंटोतल्या शाळांजवळच्या कॅमेऱ्यांचा अभ्यास आला होता. मर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण 45 टक्क्यांनी घटलं होतं. हे का नाही लिहिलं? आणि कॅमेऱ्यांना लगाम हवा म्हणता, तर तो आपल्याकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 2021 चा नियम 167ए वाचा: यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र, त्याचं दरवर्षी नूतनीकरण, कॅमेऱ्याच्या आधी ठळक पाटी, 15 दिवसांत नोटीस. हे पाळायला लावा. कॅमेराच काढून काय साधणार?

माझी आई 71 वर्षांची आहे. संध्याकाळी डिव्हायडरवर भाजीची पिशवी छातीशी धरून उभी असते. एक पाय खाली टाकते, परत वर घेते. कुणी वेग कमी करत नाही.

मांडवीकर
ताई, आईंबद्दल आदर आहे. पण तुमच्या घरी दंडाचा खोटा मेमो आलेला दिसत नाही. माझ्या बाबांना आला. फोटोत काळी एक्टिवा, चालवणारी मुलगी, तोंडाला ओढणी. बाबांची स्कूटर राखाडी, आणि चार महिने जिन्याखाली उभी. त्या मुलीच्या प्लेटवर चिखल होता, 3 चा 8 वाचला. तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा "साहेब राउंडला गेलेत". पाटी कुठे होती? प्रमाणपत्र कुणी पाहिलं? नियम पाळत नाहीत तोवर कॅमेरे बंद ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

जुना कारेलीबागवाला
अर्धा गोंधळ प्लेटांचाच. देवाचं नाव मोठं, आकडे मुंगीएवढे. कॅमेरा काय वाचणार?

गोत्रीचा
प्लेट नीट असूनही भोगतोय. 2016 साली स्कूटर विकली, मेमो अजून मलाच येतात.

जुना कारेलीबागवाला
विकल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कळवलं होतं?

गोत्रीचा
दलालाने मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या. म्हणाला, मी करतो.

जुना कारेलीबागवाला
कोऱ्या?

गोत्रीचा
हो, कोऱ्या! सगळे तसंच करतात. तुम्ही निवृत्त आहात काका, आम्हाला खेपा घालायला रजा मिळत नाही.

जुना कारेलीबागवाला
नोकरी मीही 34 वर्षं केली. उद्या त्या स्कूटरखाली कुणी आलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. कोऱ्या कागदावर सही स्वतः करायची आणि दोष कॅमेऱ्याला द्यायचा, हे मला पटत नाही.

मांडवीकर
माझ्या बाबांनी कुठे सही केली होती? विषय भरकटवू नका.

अकोट्याची
भरकटलाच आहे. मार्च 2025 मध्ये होळीच्या रात्री कारेलीबागेत भरधाव कारने एका बाईचा जीव घेतला, कितीजण जखमी झाले. त्यानंतरही आपण लूट-लूट करत बसायचं?

मांडवीकर
ती कार कॅमेऱ्याने थांबली असती? मेमो नंतर येतो. तिथे रात्री नाकाबंदी लागते, बंप लागतात.

अकोट्याची
हे मान्य. तसल्या माणसाला कॅमेरा अडवत नाही. पण आईला पाय मागे घ्यायला लावणारे तसले नसतात. ते तुमच्या-माझ्यासारखे, ऑफिसला उशीर झालेले. ते मेमोला घाबरतात.

आणि बाबांच्या मेमोचं ऐका. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट दिसली पाहिजे, हेही 167ए मध्येच आहे. त्याच मुद्द्यावर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. साहेब राउंडला असले तरी पोच मिळते.

मांडवीकर
देतो. पण प्रमाणपत्राची तारीख प्रत्येक मेमोवर छापत नाहीत तोवर माझा विरोध कायम.

अकोट्याची
तारखेची मागणी रास्त आहे. त्यावर सही करायला मी येईन.

गोत्रीचा
काका, नऊ वर्षांनी कळवलं तर चालतं का?

जुना कारेलीबागवाला
विक्रीचा कागद शोधून ठेवा. सोमवारी मी बरोबर येतो.