मदत हवी आहे : फिडोनेटच्या संदेश-ओळख क्रमांकातील ‘एक प्रणाली’ म्हणजे नेमके काय?

मी फिडोनेटसाठी (बुलेटिन-बोर्ड संगणकांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्यासाठी) संदेश लिहिण्याचा एक छोटा प्रोग्राम तयार करत असून, एफटीएस-०००९ या मानकातील एमएसजीआयडी (संदेशाची ओळख सांगणाऱ्या) ओळीच्या अर्थाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन मला हवे आहे. उगमपत्ता आणि त्यापुढे आठ अंकी हेक्साडेसिमल क्रमांक (० ते ९ आणि A ते F या चिन्हांत लिहिलेला), एवढे स्वरूप स्पष्ट आहे. परंतु एकाच प्रणालीवरून तीन वर्षांत तोच क्रमांक पुन्हा येऊ नये असे सांगून, तो कसा निर्माण करावा हे मात्र मानकाने प्रोग्रामरवर सोपवले आहे.

माझ्या नोडवर, म्हणजे या जाळ्यातील माझ्या संगणकावर, संदेश-संपादक आणि आपोआप सूचना पाठवणारा प्रोग्राम, दोघेही युनिक्स वेळेचे (१९७०च्या आरंभापासून मोजलेले) सेकंदच क्रमांक म्हणून वापरतात. त्यामुळे एकाच सेकंदात निघालेल्या दोन वेगळ्या संदेशांना एकच ओळख मिळाली आणि पुढच्या नोडने दुसरा संदेश प्रत समजून टाकून दिला. कोणीतरी मनापासून लिहिलेले उत्तर असे नाहीसे होणे मला फार गंभीर वाटते.

अशा वेळी संपूर्ण नोड हीच ‘एक प्रणाली’ मानून सर्व प्रोग्रामांनी एकच सामायिक गणक वापरावा काय? तसेच प्रत ओळखताना हेक्साडेसिमल अक्षरांचा लहान-मोठेपणा (a की A) आणि पत्त्यातील डोमेनची, म्हणजे जाळ्याच्या नावाची, उपस्थिती विचारात घ्यावी, की दुर्लक्षावी? ज्यांनी टॉसर (आलेले संदेश योग्य ठिकाणी वाटून लावणारा प्रोग्राम) लिहिला आहे त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.